कुणीकडं निघालाव?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीच्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. ती त्याला बाळकडूबरोबरच पाजलेली असते. या दोघांत नेमकं साम्य काय, असं एखादा चिकित्सक पाहुणा विचारतो, तेव्हा परभणीकर त्याच्याकडे दयार्द्र नजरेनं पाहतो आणि त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगतो. यमक जुळतं, एवढा पुरावा त्याला पुरेसा वाटतो. मी मात्र जरा खोलात जाणारा माणूस. या दोन महासत्तांना जोडणारा दुवा मी बऱ्याच विचारांती शोधून काढला आहे. तो दुवा म्हणजे मोटारसायकल.

१८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी पहिली दुचाकी तयार केली. सांगाडा लाकडाचा, चाकं लाकडाची आणि वेग ताशी फार तर १२ किलोमीटर. इंजिन बैठकीच्या बरोबर खाली बसवलेलं असल्यामुळं एका फेरीत म्हणे बैठकीनंच पेट घेतला. परभणीत मार्च महिन्यातल्या दुपारी उन्हात लावलेल्या गाडीवर जो एकदा बसला आहे, त्याला या गोष्टीचं सुतराम नवल वाटणार नाही. जर्मनांना जो अनुभव घेण्यासाठी इंजिन पेटवावं लागलं, तो आम्हाला गाडी नुसती उभी करून मिळतो. मग भारतात परभणी म्हटलं तर काय बिघडलं?

माझी गाडी येझदी आहे आणि तिच्या कुळातही जर्मन रक्त आहे. १९२९ साली यानेचेक नावाच्या एका चेक कारखानदारानं ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा घेतला, आणि स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर अन् वाँडररमधलं पहिलं अक्षर जोडून ‘जावा’ हे नाव तयार केलं. ही जावा साठच्या दशकात म्हैसूरला नांदायला आली आणि १९७३ पासून तिचं सासरचं नाव येझदी झालं. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०२२ साली येझदी नावाच्या नव्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या, पण माझी त्या जुन्या घराण्यातली. तिचा किकचा दांडा हाच गिअरचा दांडा. उभा धरून लाथ मारली की किक, आडवा वळवला की गिअर. सरकारी कचेरीत जसा एकच माणूस सकाळी शिपाई आणि दुपारी हेडक्लार्क असावा, तसला प्रकार. तर सांगायचा मुद्दा असा, की वाँडरर या शब्दाचा अर्थ भटक्या. तेव्हा काम नसताना भटकणं हे माझ्या गाडीच्या रक्तातच आहे. त्यात माझा दोष काही नाही.

आता वसंत ऋतूबद्दल. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. हे पंचांग लिहिणारा गृहस्थ वैशाखात परभणीला राहिलेला नसावा. आमच्याकडे वसंत येतो तो फाल्गुनात, तेही चार-आठ दिवसांच्या किरकोळ रजेवर आल्यासारखा. त्यातही सकाळी सात ते दहा ही त्याची कामकाजाची वेळ. दहानंतर खुर्चीवर उन्हाळा येऊन बसतो आणि वसंताचा पंखा तेवढा फिरत राहतो. कवी लोक ज्याचं वर्णन करतात तो मलयगिरीवरून सुटलेला शीतल वारा आमच्यापर्यंत पोचत नाही असं नाही, पण एवढा प्रवास करून तो बिचारा स्वतःच इतका तापलेला असतो, की त्याला कुणीतरी गुळपाणी द्यावं. बारा महिने टिकणारा वसंत परभणीत एकच. १८ मे १९७२ रोजी इथं स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला आता वसंतराव नाईकांचं नाव आहे, तो. याच विद्यापीठानं १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ केली. दचकू नका. परभणी क्रांती ही भेंडी आहे. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारी ती जात देशभर गेली. रक्ताचा थेंब न सांडता झालेली आणि वर डाळीच्या पिठात तळता येणारी क्रांती जगात दुसरी कुठली असेल असं वाटत नाही.

असो. अशा या तीन तासांच्या वसंतात सकाळी गाडी काढावी आणि गंगाखेडच्या दिशेनं सुटावं, हा माझा फाल्गुनातला नेम आहे. परभणीहून गंगाखेड ४० किलोमीटरच्या आसपास. मोठ्या रस्त्यानं तासाभराचं काम. पण तासाभरात पोचायचं असेल तर मग जायचंच कशाला? म्हणून मी वाट वाकडी करतो. मोठा रस्ता सोडला की शेताशेतांतून, गावागावांतून जाणारे आडरस्ते लागतात. यातल्या काहींवर डांबर आहे, काहींवर डांबराची आठवण आहे आणि काहींवर फक्त आश्वासन आहे. या रस्त्यांवर गाडी आपोआपच डाइमलर-मायबाखांच्या वेगाला येते. ताशी १२ किलोमीटर वेगानं माणसाला जे दिसतं, ते साठच्या वेगानं कधी दिसत नाही.

पळस दिसतो. वर्षाचे अकरा महिने ज्याच्याकडे शेळीसुद्धा मान वर करून बघत नाही, तो पळस फाल्गुनात अंगावर एक पान न ठेवता असा पेटतो, की बांधावर कुणी जाळ केला की काय वाटावं. ज्वारी काढून झालेली असते. काळ्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या असतात, त्या लांबून ग्रामसभेला जमलेल्या बायांसारख्या दिसतात. करडई वाळून खडखडीत झालेली असते. करडईचं तेल हृदयाला चांगलं असं डॉक्टर सांगतात. पण ती काढणाऱ्याच्या हातापायांचं काय होतं हे तिच्या काट्यांना विचारावं. आखाड्यावर हरभऱ्याचा ढीग पडलेला असतो. इथं आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. आमच्याकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. अर्थात मार्च महिन्यात शेतकऱ्याचं बँकेशी, व्यापाऱ्याशी आणि आभाळाशी जे चाललेलं असतं, ते पाहता हा शब्द मुद्दाम निवडला असावा.

हे सगळं फार छान आहे. अडचण एकच. या रस्त्यांवर, दर अर्ध्या किलोमीटरला, झाडाखालून, बांधावरून, बैलगाडीतून, हापशावरून एकच प्रश्न येतो.

“कुणीकडं निघालाव?”

शहरात हा प्रश्न कुणी विचारत नाही. शेजारी सामानाचा ट्रक भरून कायमचं घर सोडून निघाला, तरी आपण ‘गुड मॉर्निंग’ म्हणून लिफ्टमध्ये शिरतो. आडरस्त्यावर मात्र अनोळखी माणसाला हा प्रश्न विचारणं ही साधी रीत आहे, आणि त्याला उत्तर देणं ही त्याहून साधी रीत. पंचाईत अशी, की माझ्याकडे उत्तर नसतं. मी म्हणतो, “असंच, फिरायला.”

‘फिरायला’ हे उत्तर परभणी जिल्ह्यातल्या एकाही गावानं आजवर स्वीकारलेलं नाही. फिरतात ती जनावरं, फिरतो तो डोक्यातला किडा. धडधाकट माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पेट्रोलचा हा भाव, आणि म्हणे फिरायला! विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू येतं. हा सांगत नाही म्हणजे प्रकरण नाजूक आहे, हे तो ओळखतो आणि खरं कारण शोधायच्या कामाला लागतो.

दैठण्याच्या अलीकडे एका पारावर चौघेजण बसले होते. मी गाडी थांबवून पाणी प्यायलो. त्यांतल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, “सोयरीक बघायलाव काय? मुलगा का मुलगी?” मी नाही म्हणालो. “मग जमीन बघायलाव.” मी म्हणालो, जमीनही नको. हे ऐकल्यावर चौघांतले दोघे हळूच उठले, धोतर झटकलं आणि घराच्या दिशेनं चालू लागले. तिसरा माझ्याकडे न बघता म्हणाला, “घरी कुणी न्हाई. समदे शेतावर गेलेत.” मी कुणाबद्दल विचारलंच नव्हतं. मग लख्ख प्रकाश पडला. मार्च महिना. खांद्याला पिशवी, डोळ्यांना चष्मा, मोटारसायकल. मार्चअखेरीच्या वसुलीला निघालेला माणूस दुसरा कसा दिसतो? वसंताच्या आगमनानं कोकिळा बोलू लागते म्हणतात. आमच्या पारावर वसंतात माणसं बोलायची थांबतात, एवढा फरक.

पुढच्या गावात एका बाईनं मला आडवा हात करून थांबवलं आणि काही न विचारता म्हशीपुढं नेऊन उभं केलं. “कालपासून वैरणीला तोंड लावंना.” मी म्हणालो, “मावशी, मी जनावरांचा डॉक्टर नाही.” तिनं माझ्याकडे आणि म्हशीनं आम्हा दोघांकडे अविश्वासानं पाहिलं. “मग कामून थांबलाव?” या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून, “होईल बरी,” असं म्हणून मी निघालो. तिनं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. तो तपासणी-फीपोटी होता की काय, हे मला विचारवलं नाही.

आणखी एका ठिकाणी एका तरुणानं मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, “सालगडी पाहिजे का?” पाडवा जवळ आला की सालगड्यांचं वर्ष संपतं आणि नवी बोली ठरते. वर्षभराची मजुरी, धान्य, कपडे, सगळं त्या दिवशी ठरतं. लोक पाडव्याला गुढी उभारतात, श्रीखंड खातात. इथं काहीजणांचं अख्खं वर्ष त्या दिवशी कुणाच्या तरी आखाड्यावर जाऊन पडतं. मी म्हणालो, “माझ्याकडे शेत नाही.” तो म्हणाला, “मग ध्यानात ठेवा,” आणि त्यानं आपला फोन नंबर मला लिहून घ्यायला लावला. रिकाम्या हातानं फिरणाऱ्या माणसाजवळ जाताना काहीतरी कामाचं द्यावं, असा त्याचा सरळ हिशेब असावा.

एक मात्र आहे. या भागातून जाणाऱ्या एका मंडळींना हा प्रश्न कुणी विचारत नाही. आषाढीच्या आधी गजानन महाराजांची पालखी शेगावहून पायी पंढरपूरला निघते, ती परभणी-गंगाखेडवरूनच पुढं जाते. वारकऱ्याला ‘कुणीकडं?’ असं कोण विचारील? उत्तर त्याच्या कपाळावर लावलेलं असतं. रमतगमत जावं ते त्यांनी. आपण आपले पेट्रोल जाळत जाणार आणि वर कपाळ कोरं!

तर त्या दिवशी माझं असं कोऱ्या कपाळानं चाललेलं असताना सव्वानऊच्या सुमारास ऊन एकदम मंदावलं. दक्षिणेकडून ढग आले. वाऱ्यात गारवा आला, पळस सावलीत आणखी गडद दिसू लागला, आणि आमच्या वसंताला त्या दिवशी दहानंतरही ओव्हरटाइम मिळणार असं दिसू लागलं. चित्र काढावं असं आभाळ होतं. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं ते आभाळ चित्रासारखं बघत नव्हती. ती धावत होती. कुणी ताडपत्री ओढत होतं, कुणी पेंढ्या गोळा करत होतं, एक म्हातारी हरभऱ्याच्या ढिगावर स्वतःचं लुगडं पसरत होती. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती इथं कुणी विसरलेलं नाही. हाताशी आलेली रब्बी तेव्हा रानातल्या रानात झोपली. त्यानंतर फाल्गुनातला ढग म्हणजे इथं न विचारता आत येणारा पाहुणा. त्याला मात्र ‘कुणीकडं निघालाव?’ असं विचारायची कुणाची छाती होत नाही.

अशा त्या सावलीत, एका फाट्यावर, पावणेदहाला एक शेतकरी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. बाजूला शाळेच्या गणवेशातली पोरगी. हातात कंपासपेटी, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं हॉलतिकीट. शेजारी आडवी टाकलेली सायकल, पुढच्या चाकात हवा नाही. बाभळीच्या काट्यानं सकाळी सकाळीच काम केलं होतं.

“राम राम. कुणीकडं निघालाव?”

इतक्या वेळा ऐकलेला प्रश्न, पण या खेपेला विचारणाऱ्याचा आवाज वेगळा होता. मी ‘फिरायला’ म्हणालो नाही. मी म्हणालो, “गंगाखेडला.”

“कुठले म्हनायचे?”

“परभणीचा.”

“मूळ परभणीचे?”

“मूळ सेलूकडचा.”

“आडनाव?”

मी सांगितलं. त्यानं क्षणभर डोळे बारीक केले. “सेलूला शाळेत त्या आडनावाचे गणिताचे गुरुजी होते. लई मारायचे.”

“माझे चुलते.”

“माझा मेव्हणा त्यांच्या हाताखाली शिकला,” तो म्हणाला, आणि त्याचे पसरलेले हात खाली आले. चुलत्यांनी आयुष्यभर पोरांना जे छडीचे फटके दिले, त्यांतला एक त्या दिवशी माझ्या खात्यावर जमा झाला.

मग त्यानं भराभर सांगितलं. दहावीचा पेपर, गंगाखेडच्या केंद्रावर. अकराला सुरू, पण साडेदहाला आत पाहिजे. घरची मोटारसायकल भाऊ घेऊन गेला, आई दवाखान्यात. आणि मागं, हात करून दाखवलं त्यानं, खळ्यावर हरभरा उघडा पडलेला, बायको एकटी ताडपत्रीशी झुंजतेय. एका बाजूला वर्षाचं पीक, दुसऱ्या बाजूला लेकीचं वर्ष. आणि वर ते आभाळ. मी गाडी वळवून उभी केली.

पोरगी बसायला निघाली, तसा तो म्हणाला, “थांब बाई.” त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि आधी माझ्या गाडीच्या नंबराचा फोटो काढला. मग मला म्हणाला, “टोपडं काढा जरा.” मी हेल्मेट काढलं. त्यानं माझा फोटो काढला. मग माझा नंबर घेतला, मला एक मिसकॉल दिला, तो वाजला का ते बघितलं आणि म्हणाला, “राग मानू नका.” राग कशाचा? आधार कार्डावरच्या फोटोपेक्षा तो बरा आला असणार. आणि खरं सांगायचं तर इतक्या थोड्या वेळात इतकी पक्की चौकशी करून घेणारा माणूस मी अजून कुठल्या बँकेत पाहिलेला नाही.

गाडी सुटली. ताशी १२ किलोमीटरचा जर्मन वारसा तिथंच फाट्यावर राहिला. मी म्हणालो, “घट्ट धर.” पोरगीनं एका हातानं कॅरिअर धरलं, दुसऱ्या हातात कंपास, आणि माझ्या उजव्या कानाशी तिची उजळणी सुरू झाली. पेपर भूमितीचा होता.

“काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो...”

येझदीच्या दोन सायलेन्सरांच्या गजरात पायथागोरस ऐकणं हा अनुभव निराळाच आहे. दोनेक किलोमीटर गेल्यावर ती मधेच थांबली. “काका, इथून आत घ्या.”

डाव्या हाताला एक पाणंद होती. दोन चाकोऱ्या, मधे गवत, दोन्ही अंगांना बाभळी. मी म्हणालो, “अगं, रस्ता तर सरळ आहे.”

“रस्ता पार त्या टोकापर्यंत जातंय अन् मंग वळतंय. ही पाणंद कर्ण हाय.”

चुलत्यांनी वर्गात सतरा वेळा सांगूनही जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते एका वाक्यात शिरलं. मी कर्णावर गाडी घातली. त्यानंतरची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. वाळलेल्या काळ्या मातीच्या भेगा अशा, की आत गाडीचं चाक गेलं तर पुढच्या पावसाळ्यातच उगवून यावं. एका वळणावर समोरून शेळ्यांचा कळप आला, त्यांना कर्णाचं महत्त्व कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढं एका बिनकठड्याच्या विहिरीच्या काठाला घासून गाडी गेली, त्या क्षणी माझ्या कानात स्पर्शिका आणि त्रिज्या यांचं प्रमेय चालू होतं. पोरगीच्या आवाजात कंप नव्हता. माझ्या गुडघ्यांत होता. काटा एकही लागला नाही. बाभळींनी त्या दिवसाचा आपला वाटा सायकलीकडून आधीच वसूल केला असावा.

पाणंद मोठ्या रस्त्याला लागली, पुढं गोदावरीचा पूल आला, गंगाखेड आलं, शाळेचं फाटक आलं. घड्याळात १० वाजून २३ मिनिटं झाली होती. ती उतरली, वेणी मागं टाकली, “येते काका,” म्हणाली आणि आत गेली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. बरोबर आहे. कर्ण पार झाल्यावर मागं वळून कोण बघतं?

फाटकाबाहेर लिंबाखाली पालकांची ही गर्दी. मुलं आत पेपर देतात आणि आई-बाप बाहेर घाम देतात, असा हा परीक्षेचा थाट. एका पटकेवाल्यानं मला सावलीत जागा करून दिली आणि विचारलं, “तुमची कोण?”

मी विचार केला. तिच्या मामाला माझ्या चुलत्यांनी शिकवलेलं. म्हणालो, “माझ्या चुलत्यांच्या विद्यार्थ्याची भाची.”

त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि समाधानानं मान हलवली. “म्हंजी घरचीच की!”

मग मी घाटावर जाऊन बसलो. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. त्या लहान असतानाच वडिलांनी त्यांना पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी नेऊन सोपवलं, असं परंपरा सांगते. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक दुसऱ्याच्या हवाली करताना त्या बापानंही काहीतरी विचारलं असणारच. फोटो काढायची सोय तेवढी नव्हती. आणि आपण म्हणतो, खेड्यातली माणसं फार चौकशा करतात! ज्या रस्त्यावर दिवसातून मोजून चार गाड्या जातात, तिथं पाचवी गाडी कुणाची, कुठली, कुठं निघालेली, आणि तिच्या मागच्या सीटवर जागा आहे का, हे कुणी कुणाला विचारायचं नाही म्हटलं, तर बाळंतीण दवाखान्यात कशी जायची, औषध गावात कसं यायचं आणि भूमितीचा पेपर कुणी द्यायचा? ‘कुणीकडं’ या शब्दात ‘कुणी’ आहे, ते उगाच नाही. इथला रस्ता गावाला जात नाही. तो कुणाकडं तरी जातो.

पात्रात पाणी थोडंच होतं, पण वारा बरा होता. ढग अजून डोक्यावर होते. मी दर पाच मिनिटांनी आभाळाकडं बघत होतो. माझं एक दाणाही खळ्यावर नव्हतं, तरी. साडेबाराला चार थेंब पडले आणि माझ्या पोटात गोळा आला. मग थेंब थांबले, ढग पूर्वेकडं सरकले आणि कडक, लख्ख, भाजून काढणारं ऊन पडलं. परभणीच्या उन्हाबद्दल मनापासून आनंद वाटलेला तो बहुधा माझ्या आयुष्यातला पहिलाच दिवस.

एकच्या सुमारास फोन वाजला. तोच तो.

“पाऊस आला न्हाई बगा इकडं. समदं झाकून घेतलं होतं. पोरगीला आणायला तिचा मामा फाटकावर येऊन उभा राहिलाय. पेपर बी चांगला गेला म्हने.”

“झालं तर मग,” मी म्हणालो. “काळजी मिटली.”

“तुमचे लई उपकार झाले. जेवायला या आमच्याकडं.” थोडं थांबून तो म्हणाला, “अन् आता कुणीकडं निघालाव?”

आता आमची इतकी ओळख झाली होती, नातंसुद्धा जुळलं होतं. म्हटलं, याला तरी खरं सांगावं. मी म्हणालो, “कुठं नाही हो. असाच, फिरायला.”

पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “बरं, बरं. सांगायचं नसलं तर ऱ्हाऊ द्या.”